न्यू जर्सीत कॉम्प्युटर सपोर्ट शिकायचंय? कम्युनिटी कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी हे वाचा

नवऱ्याच्या नोकरीमुळे तुम्ही एच-४वर, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, इथे आलात, गाठीला बी.कॉम. किंवा बी.ए. आहे, आणि मुलं शाळेत गेली की दुपारी घर खायला उठतं. मग ओक ट्री रोडवर भाजी घेताना कोणीतरी सांगतं, "अगं, क्यूए टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणीचं काम कर. तीन महिन्यांत नोकरी." मलाही सांगितलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या कन्सल्टन्सीवाल्यांकडे रेझ्युमेवर सात वर्षांचा अनुभव घरबसल्या तयार होतो. माझा खरा अनुभव चार वर्षांचा, तोही नाशिकच्या एका पतसंस्थेच्या काउंटरवरचा. खोटं बोलून मिळालेल्या नोकरीत रोज पोटात गोळा घेऊन बसण्याची माझी तयारी नव्हती.

शेवटी कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर सपोर्ट शिकले. आज एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या हेल्प डेस्कवर आहे. मधल्या अडीच वर्षांत ज्या खड्ड्यांत पडले ते तुम्हाला आधीच दाखवते. उदाहरणं न्यू जर्सीची आहेत. दुसऱ्या राज्यात फीचे नियम वेगळे असतील, बाकीचं बरंचसं जुळेल.

१. आधी हे काम काय आहे ते बघा

हे प्रोग्रॅमिंग नाही. कोणाचा पासवर्ड अडकलाय, कोणाचा प्रिंटर कागद गिळतोय, नव्या कर्मचाऱ्याला लॅपटॉप तयार करून द्यायचाय, कोणाचं वायफाय फक्त मीटिंग रूममध्येच बंद पडतंय, अशा तक्रारी दिवसभर येतात. प्रत्येक तक्रारीचं एक 'तिकीट' बनतं: कोणाची तक्रार, कधीची, काय केलं, सुटलं की नाही. कोर्सच्या यादीत याला 'कॉम्प्युटर सपोर्ट स्पेशालिस्ट', 'युजर सपोर्ट' किंवा 'आयटी सपोर्ट' यांपैकी काहीही नाव असतं, म्हणून एकच शब्द शोधून "आमच्याकडे नाही" असं ठरवू नका.

पासबुक भरून मिळालं नाही म्हणून काउंटरवर हात आपटणाऱ्या काकांना शांत करता येत असेल, तर अर्धं काम तुम्हाला येतं. उरलेलं अर्धं शिकवतात.

२. कोणता कोर्स घ्यायचा

इथे घाई करू नका, सगळ्यात महाग चूक इथेच होते.

एकाच कॉलेजात, कधीकधी एकाच इमारतीत, दोन दुकानं चालतात. एक क्रेडिटचं, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या विषयांचं, दुसरं नॉन-क्रेडिटचं. त्या दुसऱ्याला 'कंटिन्युइंग एज्युकेशन' किंवा 'वर्कफोर्स' म्हणतात. नॉन-क्रेडिट कोर्स आठ-दहा आठवड्यांत संपतो आणि नोकरीपुरता ठीकही असतो, पण पुढे पदवी घ्यायची झाली तर तो सहसा हिशेबात धरत नाहीत. माहितीपत्रकावर क्रेडिटचा आकडा छापलेला नसेल तर विचारा.

क्रेडिटच्या बाजूला साधारण तीन पर्याय दिसतील. सर्टिफिकेट, म्हणजे बहुतेक वर्षभराचा ऐवज. मग ए.ए.एस., म्हणजे असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, साधारण ६० क्रेडिट्स, थेट नोकरीसाठी. आणि ए.एस., म्हणजे असोसिएट ऑफ सायन्स, तेवढ्याच क्रेडिट्सची, पण पुढे चार वर्षांच्या पदवीकडे जाणारी. ए.ए.एस. आणि ए.एस. यांत एका अक्षराचा फरक वाटतो, पण न्यू जर्सीत तो फार मोठा आहे. २००७ साली या राज्याने लॅम्पिट कायदा केला. काउंटी (म्हणजे जिल्हा) कॉलेजातून, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातूनच, ए.ए. (असोसिएट ऑफ आर्ट्स) किंवा ए.एस. पदवी घेऊन राज्याच्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात गेलात, तर पहिल्या दोन वर्षांचं श्रेय त्या कायद्याने मिळतं. ए.ए.एस.ला ते संरक्षण नाही. तिथे एकेक विषय घेऊन वाटाघाटी कराव्या लागतात.

मी सर्टिफिकेटने सुरुवात केली. त्याच विषयांवर पुढे ए.ए.एस. उभारता येते का, हे ॲडव्हायझरला विचारून घेतलं होतं. चाळिशीच्या आसपास असाल, घरात लहान मुलं असतील, तर माझा सल्ला हाच राहील. दोन वर्षांचं ओझं एकदम डोक्यावर घेऊ नका. एच-४वर असताना पूर्णवेळ शिकण्याची सक्ती नाही, एका सेमिस्टरला एक विषय घेतलात तरी चालतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा असलेल्यांना ही मुभा नाही. त्यांना सेमिस्टरला सहसा १२ क्रेडिट्स घ्यावी लागतात आणि ऑनलाइन विषयांवरही मर्यादा असते.

३. फॉर्ममधला एक चौकोन

अर्जात विचारतात, "तुम्ही इंटरनॅशनल स्टुडंट आहात का?" आपण भाबडेपणाने "हो" म्हणतो. अनेक कॉलेजांत त्या प्रश्नाचा अर्थ असतो, "तुम्हाला आमच्याकडून एफ-१ व्हिसासाठी आय-२० (कॉलेजने द्यायचा प्रवेशाचा फॉर्म) हवा आहे का?" हो म्हटलंत की टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, बँकेत पैसे असल्याचा पुरावा, आय-२०ची फी, अशी वेगळीच वरात सुरू होते. एच-४वर शिकायला आय-२० लागत नाही. व्हिसाचा प्रकार विचारला असेल तिथे एच-४ लिहा, आणि शंका असेल तर चौकोनावर टिचकी मारण्याआधी ॲडमिशन ऑफिसला ईमेल करा.

सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ती जागा रिकामी सोडा. कॉलेज स्वतःचा विद्यार्थी क्रमांक देतं. आणि फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, एच-४वाल्यांसाठी नसतो. ग्रीन कार्ड आलं की तो भरता येतो.

४. कागदपत्रं, आणि आपल्या नावांचा घोळ

एका फोल्डरात हे जमवा:

- पासपोर्ट, व्हिसाचं पान, आय-९४ म्हणजे देशात आल्याची नोंद (सरकारी साइटवरून ताजा उतरवून घ्या), एच-४चं मंजुरीपत्र म्हणजे आय-७९७ मिळालं असेल तर तेही
- बारावीचं आणि पदवीचं सर्टिफिकेट, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट
- विवाह प्रमाणपत्र, इंग्रजीत
- पत्त्याचे पुरावे: लीज, विजेचं बिल, ड्रायव्हिंग लायसन्स, बँकेचं स्टेटमेंट
- लसीकरणाची नोंद. मुख्यतः गोवर-गालगुंड-रुबेलाची विचारतात. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर डॉक्टरांकडून रक्ताची टायटर चाचणी (शरीरात प्रतिकारशक्ती आहे का ते बघणारी) करून घेता येते

विवाह प्रमाणपत्र का, ते सांगते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी त्यापुढे आईचंही. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. इथल्या खिडकीवरच्या बाईला या दोन वेगळ्या बाया वाटतात, आणि त्यात तिची काही चूक नाही. माझ्या वर्गातल्या सोलापूरच्या एका मैत्रिणीचं लग्नात पहिलं नावही बदललं होतं. तिला प्रतिज्ञापत्र करावं लागलं. हे भारतातून निघण्यापूर्वी करता आलं तर सोन्याहून पिवळं.

पदवीचं मूल्यांकन म्हणजे डब्ल्यूईएस, ईसीई वगैरे संस्थांचा अहवाल. तो सगळ्यांना लागत नाही. सर्टिफिकेटसाठी बारावी पास असल्याचा पुरावा पुष्कळ ठिकाणी पुरतो. जुन्या पदवीचे काही विषय माफ करून घ्यायचे असतील तरच विषयवार मूल्यांकन कामाचं. आधी ॲडव्हायझरला विचारा की माझ्या बी.कॉम.मधून काय माफ होऊ शकतं. ए.ए.एस. किंवा ए.एस. करणार असाल तर इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र अशा विषयांचा फायदा होतो. नुसत्या सर्टिफिकेटसाठी तो खर्च पाण्यात जातो.

५. फी: पत्ता सिद्ध करा, आणि लेखी करा

न्यू जर्सीत २१ काउंट्या आणि १८ काउंटी कॉलेजं आहेत. स्वतःच्या काउंटीतल्या विद्यार्थ्याला फी सगळ्यात कमी, दुसऱ्या काउंटीतल्याला जास्त, राज्याबाहेरच्याला त्याहून जास्त. तुमच्या काउंटीच्या कॉलेजात तो कोर्सच नसेल तर 'चार्जबॅक' नावाची सोय आहे: दुसऱ्या काउंटीच्या कॉलेजात शिकता येतं आणि फीमधला फरक भरायला तुमची काउंटी मदत करते. त्याचा फॉर्म सेमिस्टर सुरू होण्याआधी द्यावा लागतो.

आता माझी फजिती. फोनवर मला सांगितलं, "लीज आणा, पुरे." मी लीज नेली. लीजवर नाव फक्त नवऱ्याचं. विजेचं बिल त्याच्याच नावावर, गॅसचंही. या राज्यात मी राहते हे सिद्ध करणारा माझ्या नावाचा एक कपटाही घरात नव्हता. बिल आलं ते राज्याबाहेरच्या दराने. मी म्हटलं, फोनवर तर पुरे म्हणाला होतात. समोरून प्रश्न आला, "कोणाशी बोललात? कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो दिवस मला कोर्समधल्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त शिकवून गेला. त्यानंतर कॉलेजशी झालेलं प्रत्येक बोलणं मी एका वहीत तिकिटासारखं लिहिलं. तारीख, वेळ, माणसाचं नाव, काय विचारलं, काय सांगितलं. फोन ठेवला की लगेच दोन ओळींचा ईमेल: "आत्ता आपलं बोलणं झालं त्यानुसार मी अमुक आणणार आहे, बरोबर ना?" ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, बँकेच्या खात्यात माझं नाव घातलं, लीजच्या नूतनीकरणात माझंही नाव चढवून घेतलं. पुढच्या सेमिस्टरला दर सुधारला. आधीचे पैसे मात्र गेले ते गेले.

म्हणून आल्याबरोबर, शिकायचं ठरवलं नसलं तरी, एक बिल स्वतःच्या नावावर करून घ्या.

आणखी एक. तुमच्या वतीने नवऱ्याने कॉलेजला फोन केला तर कॉलेज त्याला काही सांगणार नाही. फर्पा नावाचा १९७४चा कायदा आहे, विद्यार्थ्याची माहिती विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय घरच्यांनाही द्यायची नाही. "हेच बघतात सगळं" ही आपली पद्धत इथे चालत नाही. मला सुरुवातीला राग आला होता, आता बरं वाटतं.

६. प्लेसमेंट टेस्ट आणि नावनोंदणी

कोणत्या पातळीच्या विषयापासून सुरुवात करायची ते ठरवायला बहुतेक ठिकाणी अक्युप्लेसर नावाची संगणकावरची परीक्षा असते, इंग्रजी आणि गणिताची. तिला वेळेची मर्यादा नाही, तेव्हा सावकाश सोडवा. सरावाचे प्रश्न फुकट मिळतात. बीजगणित दहावीनंतर पाहिलं नसेल तर दोन आठवडे द्या. कमी गुण पडले तर पूर्वतयारीचे विषय घ्यावे लागतात. त्यांचे पैसे भरायचे आणि ते पदवीत धरतही नाहीत. इंग्रजी माध्यमाची पदवी असेल तर परीक्षा माफ होते का, हे आधी विचारा.

विषय निवडताना 'प्रीरिक्विझिट', म्हणजे त्याआधी कोणता विषय झालेला हवा ती अट, बघा. हार्डवेअरचा वर्ग फक्त फॉल सेमिस्टरला आणि नेटवर्किंगला हार्डवेअरची अट, असं असेल तर एक चूक पूर्ण वर्ष खाते. आणि फी भरायची तारीख कॅलेंडरवर लाल करा. ती चुकली की नाव आपोआप वर्गातून कटतं, आणि संध्याकाळच्या वर्गातली जागा तोवर कोणीतरी पटकावलेली असते.

७. काय विकत घ्यायचं

फारसं काही नाही. लायब्ररीत पुस्तकं 'रिझर्व्ह'वर असतात, तिथेच बसून वाचा. लागतात त्या वस्तू: १६ जीबी रॅमचा लॅपटॉप (व्हर्च्युअलबॉक्समध्ये दुसरं विंडोज किंवा लिनक्स चालवायचं असतं), दोन पेन ड्राइव्ह, दोन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, अँटिस्टॅटिक मनगटपट्टा, आणि प्रयोगशाळेत मिळत नसेल तर आरजे-४५चा क्रिम्पर (नेटवर्क केबलच्या टोकाला क्लिप बसवायची पक्कड) आणि साधा केबल टेस्टर. सरावासाठी कोणाचा तरी जुना डेस्कटॉप मागून आणा आणि तो पाच वेळा उघडा, पाच वेळा जोडा. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, त्यामुळे लोक जुनी मशीनं खुशाल देऊन टाकतात.

८. वर्गात

माझ्या वर्गात अठरा वर्षांची मुलं होती, सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, आणि रात्रपाळी संपवून थेट वर्गात येणारा गोदामातला एक कामगार. प्राध्यापकांना 'सर' म्हणून मागच्या बाकावर गप्प बसलात तर कोणी आदर समजत नाही, तुम्हाला काही येत नाही असं समजतात. हात वर करा.

नेटवर्क केबलचा किस्सा सांगते, कारण तो प्रत्येकाच्या वाट्याला येतो. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. टी५६८बी या ठरलेल्या पद्धतीचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी घुसते, हे मनाला पटत नाही. मी हिरवे दोन शेजारी, निळे दोन शेजारी असे नीटनेटके लावले. दोन्ही टोकांना तसेच. टेस्टर लावला तर आठही दिवे ओळीने हिरवे! मी केबल मिरवत घेऊन गेले. प्राध्यापकांनी ती संगणकाला लावली तर वेग रडतखडत. कारण टेस्टर एवढंच बघतो की एक नंबरची तार दुसऱ्या टोकाला एक नंबरवर पोचते का. सिग्नल मात्र तीन आणि सहा नंबरच्या तारांना जोडी समजून जातो, आणि माझ्या केबलमध्ये त्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्याच नव्हत्या. पीळ नाही म्हणजे शेजारच्या जोडीची कुजबुज आत शिरते. क्लिप कापली आणि पुन्हा सुरुवात.

दोष शोधण्याची सहा पायऱ्यांची पद्धत पाठ करून घेतात: अडचण ओळखा, कारणाचा अंदाज बांधा, अंदाज तपासा, उपाय ठरवून करा, सगळं चालतंय ना बघा, लिहून ठेवा. नवशिक्या माणूस पहिली पायरी गाळून थेट चौथीवर उडी मारतो. समोरचा म्हणतो "इंटरनेट गेलं", आणि आपण राउटर बंद-चालू करायला धावतो. आधी विचारा: कधीपासून? फक्त तुमचं की सगळ्यांचं? त्याआधी काय बदललं? मग 'आयपीकॉन्फिग' ही संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी आज्ञा चालवा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर संगणकाला डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, पत्ताच मिळालेला नाही. मग ब्राउझरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

फोनवरच्या सरावात आपल्याला खास दोन अडचणी येतात. मराठीत 'व' एकच. त्यामुळे व्ही आणि डब्ल्यू आपण सारखेच उच्चारतो आणि पलीकडचा चुकीचा पासवर्ड टाकत बसतो. "व्ही फॉर व्हिक्टर, डब्ल्यू फॉर व्हिस्की" असं सांगायची सवय लावा, आणि झेडला इथे झी म्हणतात हेही लक्षात असू द्या. दुसरी अडचण तिकिटात लिहिण्याची. "प्लीज डू द नीडफुल" हे पतसंस्थेच्या पत्रात शोभतं. इथे त्याखाली मला शेरा मिळाला, "म्हणजे नक्की काय करू?" काय हवं, कोणाकडून, कधीपर्यंत, तेवढंच लिहा.

९. ए-प्लस परीक्षा

कॉम्पटीआ या आयटीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ए-प्लस ही या धंद्यातली शिडीची पहिली पायरी. दोन पेपर, दोन्ही द्यावे लागतात. प्रत्येकात जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं. पास होण्यासाठी ९००पैकी पहिल्यात ६७५, दुसऱ्यात ७००. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं.

सापळा आवृत्तीचा आहे. मार्च २०२५मध्ये नवे पेपर आले, २२०-१२०१ आणि २२०-१२०२. आधीचे ११०१ आणि ११०२ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंद झाले. मंडळातल्या कोणी प्रेमाने जुनं पुस्तक दिलं तर मुखपृष्ठावरचा नंबर बघा. एका पेपरची फी अडीचशे डॉलरच्या वर आहे, म्हणून कॉलेजच्या ईमेलवर मिळणारी विद्यार्थ्यांची सवलत घेतल्याशिवाय व्हाउचर विकत घेऊ नका. पेपरच्या सुरुवातीलाच सहसा करून दाखवण्याचे लांबलचक प्रश्न येतात. ते खूण करून सोडा, शेवटी वळा. मी पहिल्याच प्रश्नावर वीस मिनिटं घालवली होती. पास झाले, पण घाम फुटला.

१०. कामाची परवानगी

शिकायला परवानगी आहे याचा अर्थ काम करायला आहे असा नाही. एच-४वर ईएडी कार्डाशिवाय, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कार्डाशिवाय, नोकरी नाही, आणि कॅम्पसवरच्या लॅबमधलं पगारी कामही नाही. ते कार्ड मे २०१५पासून मिळतं, पण साधारणपणे जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झाला असेल किंवा त्याला सहा वर्षांपुढे एच-१बी हा कामाचा व्हिसा वाढवून मिळाला असेल तरच. आधी हे घरात तपासा आणि कोर्सची आखणी त्या तारखेला धरून करा. माझा कोर्स संपला आणि कार्ड यायला आठ महिने लागले. तेवढ्या काळात मी ए-प्लसचे दोन्ही पेपर दिले.

काही कोर्समध्ये इंटर्नशिप सक्तीची असते. बिनपगारी आहे म्हणून चालेल, असं गृहीत धरू नका. वकिलाला विचारा, आणि विभागप्रमुखांना पहिल्याच सेमिस्टरमध्ये विचारून ठेवा की त्याऐवजी प्रकल्प चालेल का. मला चालला, कारण मी वेळेत विचारलं आणि उत्तर ईमेलवर होतं.

एफ-१वर असाल तर असोसिएट पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचं, वर्ष मिळू शकतं, पण स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांची) २४ महिन्यांची वाढ बॅचलर्सच्या खाली मिळत नाही.

नोकरी शोधताना स्कूल डिस्ट्रिक्टच्या जाहिराती बघा. मला पहिलं काम उन्हाळ्याचं मिळालं. मुलांकडून परत आलेले शेकडो क्रोमबुक तपासायचे, तुटलेले की-बोर्ड बदलायचे, चार्जर मोजायचे. एका क्रोमबुकच्या फटीतून अख्खी पेन्सिल निघाली. मुलाखतीत एकच तांत्रिक प्रश्न होता: "शिक्षिका म्हणतात, कॉम्प्युटर स्लो आहे. तुम्ही काय कराल?"

मी म्हटलं, "आधी त्यांना विचारेन, कधीपासून."